जुन्या डीबीएफमधले माल१ ते माल८ कॉलम वेगळ्या टेबलात नेल्यावर बेरीज जुळत नसेल तर काय काय बघायचं

सोलापुरात पूर्व भागातले यंत्रमाग कारखाने, चादर-टॉवेलचे होलसेलवाले आणि मार्केट यार्डातले दोन-तीन आडतदार, यांच्याकडचा जुना डेटा नवीन सिस्टीममध्ये नेऊन द्यायचं काम मी बरीच वर्षं करतोय आणि दर वेळी फोन तोच येतो, "अहो, बिल जुळंना झालंय." माणूस वेगळा, कारखाना वेगळा, दुखणं मात्र तेच. म्हणून एकदाच सगळं लिहून टाकतो.

आधी दुखणं कुठलं ते. जुना बिलिंग प्रोग्राम फॉक्सप्रोमधला, कुणीतरी पंचवीस वर्षांपूर्वी लिहून दिलेला, आणि त्याचा डेटा डीबीएफ नावाच्या फाईलींत. त्यात एक बिल म्हणजे एक ओळ, आणि त्या एका ओळीतच माल१, नग१, दर१, माल२, नग२, दर२ असं करत माल८ पर्यंत कॉलम. मी त्या प्रत्येक जागेला खण म्हणतो, कपाटाचा असतो तसा. आता मालकाला मायएसक्यूएल या डेटाबेसवर चालणारं नवीन सॉफ्टवेअर पाहिजे, त्यात बिलाचं एक टेबल आणि बिलातल्या ओळींचं दुसरं. म्हणजे आठ खण आडवे होते ते उभे करायचे, बस. ऐकायला अर्ध्या तासाचं काम आहे.

जाता जाता, ज्यानं तो प्रोग्राम लिहिला त्याला शिव्या घालू नका. असे एकसारखे कॉलम आडवे लावू नयेत, हे टेबलांच्या (रिलेशनल) डेटाबेसची कल्पना मांडणाऱ्या कॉडनं १९७० सालीच सांगून ठेवलं होतं हे खरं, पण मी एका ठिकाणी मूळ छापील बिलबुक मागवून बघितलं तर त्यावर बरोब्बर आठच ओळी छापलेल्या होत्या. त्या माणसानं कागद उचलून तसाच डीबीएफमध्ये ठेवला होता, डॉट मॅट्रिक्सवर त्याच कागदावर छापायचं होतं ना.

लक्षणं अशी दिसतात, यातलं तुमचं कुठलं ते बघा:

- नवीन रिपोर्टात वर्षाची विक्री जुन्यापेक्षा कमी येते, फरक थोडासाच, पण दर महिन्याला.
- किंवा जास्त येते, आणि हमाली-भाडं तर तिप्पट-चौपट दिसतं.
- बिलांची संख्याच वाढते, मालक म्हणतो हे बिल तर आम्ही रद्द केलेलं.
- एकाच बिलात दोन वेगळ्या पार्ट्यांचा माल येऊन बसतो.
- जुनं बिल परत छापलं की मालाचा क्रम बदललेला असतो.
- मालाच्या यादीत एकच टॉवेल अकरा नावांनी उभा.
- मराठीत टाकलेली नावं चित्रविचित्र खुणा होऊन येतात.

आता तपासणी. फुकटातलं आणि सोपं आधी, अवघड शेवटी. क्रम मोडू नका, कारण वरचं न बघता खालचं करायला गेलेला माणूस दोन दिवस घालवून परत वरच येतो, मी स्वतः आलोय.

सगळ्यात आधी कॉपी. सगळ्या मशीनवरचा जुना प्रोग्राम बंद करा आणि अख्खं फोल्डर उचला, फक्त डीबीएफ नाही. शेजारी सीडीएक्स (इंडेक्सची फाईल) आणि एफपीटी असतात, त्यातल्या एफपीटीत मेमो फील्डचा, म्हणजे लांबलचक, मजकूर असतो आणि ती मागं राहिली तर टेबल धड उघडतच नाही. प्रोग्राम चालू असताना केलेली कॉपी अर्धवट असू शकते, म्हणून मी तर गड्ड्याच्या (सिद्धेश्वर यात्रेच्या) सुट्टीत कारखाना बंद असतो तेव्हाच जातो. आणि पुढचं सगळं काम कॉपीवर. मूळ फाईल एक्सेलमध्ये उघडून "जरा बघतो" म्हणणाऱ्यांपासून लांब ठेवा.

मग खण मोजा. ही तपासणी कुणीच करत नाही आणि निम्मी दुखणी इथंच सापडतात. एक कागद घ्या, त्यावर १ ते ८ लिहा, आणि प्रत्येक आकड्यासमोर तो खण किती बिलांत भरलेला आहे ते लिहा. साध्या मोजणीच्या आठ क्वेऱ्या (डेटाबेसला विचारायचे प्रश्न), दहा मिनिटं लागतात.

आकडे उतरते असायला पाहिजेत. एक माल सगळ्याच बिलांत असतो, दोन जरा कमी, आठ माल असलेली बिलं अगदी थोडी. एका टॉवेलवाल्याकडं मी हे केलं तर सातव्या खणात ५८१ आणि आठव्यात ४,३०६! सातपेक्षा आठ जास्त कसा काय? तर ते लोक आठव्या खणात माल टाकतच नव्हते, तिथं पॅकिंगचा खर्च लिहायचे, कारण प्रोग्राममध्ये पॅकिंगला दुसरी जागाच नव्हती. माझ्या आधी डेटा नेणाऱ्या माणसानं तो सगळा पॅकिंगचा खर्च 'माल' म्हणून नवीन टेबलात ओतला होता आणि मालक विचारत होता हा "पीकेजी" नावाचा माल आमच्याकडं इतका खपतो कधीपासून.

या आठ आकड्यांची बेरीज म्हणजे नवीन ओळींच्या टेबलात नेमक्या किती ओळी पाहिजेत तो आकडा. एकही कमी नाही, एकही जास्त नाही. रुपयांची बेरीज नंतर बघा. रुपयात दोन चुका एकमेकीला खाऊन टाकतात आणि तुम्हाला वाटतं जुळलं, ओळींच्या मोजणीत हे होणं अवघड. हा कागद जपून ठेवा, पुढं प्रत्येक पायरीला लागतो.

ओळी कमी येत असतील तर क्वेरीत बघा, दोनच ठिकाणी घोळ असतो. आठ खण उभे करायला आठ सिलेक्ट (एकेक खण वाचणाऱ्या क्वेऱ्या) लिहून मध्ये त्यांना जोडणारं युनियन लावतात. नुसतं युनियन लावलं असेल तर ते हुबेहूब सारख्या दोन ओळींतली एक उडवतं. एकाच बिलात तीच चादर, तेच १० नग, तोच दर दोनदा असला (दोन गठ्ठ्यांत माल गेला की दिवाणजी तसंच लिहितात) तर एक गायब. युनियन ऑल पाहिजे, आणि सोबत खण क्रमांक हा कॉलमही घ्या. त्यानं ओळी वेगळ्या राहतात आणि बिल परत छापताना क्रमही तोच येतो, टेबलात ओळी कुठल्या क्रमानं पडल्या यावर भरवसा ठेवायचा नसतो. मायएसक्यूएलऐवजी एसक्यूएल सर्व्हरवर असाल आणि आडवे कॉलम उभे करणारं अनपिव्हट वापरलं असेल तर ते नल (काहीच न लिहिलेली जागा) असलेल्या ओळी न सांगता गाळतं, हेही लक्षात असू द्या.

दुसरा घोळ रिकाम्या खणाचा. डीबीएफमध्ये अक्षरांचं फील्ड रिकामं असलं तरी त्यात नल नसतो, स्पेस भरलेल्या असतात, म्हणून ट्रिम केल्याशिवाय, म्हणजे त्या स्पेस काढल्याशिवाय, तपासू नका. आकड्याचं रिकामं फील्ड एक टूल शून्य म्हणून आणतं, दुसरं नल म्हणून. मग लोक काय करतात, दर शून्य आहे ना, टाका ओळ. अरे पण सॅम्पल म्हणून फुकट दिलेले दोन नॅपकिन त्यातच असतात, दर शून्य पण नग दोन, ती ओळ गेली की स्टॉक चुकला. माझा नियम साधा आहे: माल, नग आणि दर तिन्ही रिकामे असतील तरच खण रिकामा. माल रिकामा आणि नग भरलेला असा खण दिसला तर तो गाळू नका, वेगळ्या यादीत काढा आणि माणसाला दाखवा.

बिलं जास्त येत असतील तर खोडलेली रेकॉर्ड बघा. डीबीएफमध्ये डिलीट केलेलं रेकॉर्ड जात नाही, प्रत्येक रेकॉर्डच्या पहिल्या बाइटमध्ये स्पेसच्या जागी एक फुली, म्हणजे तारा, पडतो एवढंच. जुना प्रोग्राम ते लपवून ठेवायचा. तुमचा कन्व्हर्टर तारा बघतो का नाही ते त्याच्या सेटिंगवर आहे, आणि बरेच बघत नाहीत. पॅक कमांड मारली की ती रेकॉर्ड कायमची जातात, म्हणून मूळ फाईलवर पॅक मारू नका, कधी कधी रद्द बिलाचा पुरावा तेवढाच असतो. मी ती रेकॉर्ड आणतो पण 'रद्द' असा शिक्का मारून.

एका बिलात दोन पार्ट्यांचा माल आला की डोळे झाकून सांगतो, बिल नंबरलाच चावी (दोन्ही टेबलं जोडणारी ओळख, की) केलंय. जुन्या प्रोग्राममध्ये दर वर्षाचं फोल्डर वेगळं असतं आणि १ एप्रिलला बिल नंबर परत १ पासून सुरू होतो. तुम्ही पाच वर्षं एकत्र ओतलीत की ४५२ नंबरची पाच बिलं झाली आणि त्या पाचही बिलांच्या ओळी एकमेकांत मिसळल्या. वर रोख आणि उधारीचं बुक वेगळं असेल तर दहा. चावी म्हणून नवीन स्वतंत्र आयडी द्या, आणि आर्थिक वर्ष, बुक आणि नंबर हे तिन्ही मिळून एकमेव असले पाहिजेत अशी अट टेबलावरच लावा.

आणि हे जरूर करा, प्रत्येक ओळीत जुन्या फाईलचं नाव, जुना रेकॉर्ड नंबर आणि खण क्रमांक हे तीन कॉलम ठेवा. तुमचा नवीन सॉफ्टवेअरवाला म्हणेल कशाला कचरा. ठेवा म्हणावं. सहा महिन्यांनी कुणी बोट ठेवून विचारतं हा आकडा कुठून आला, तेव्हा अर्ध्या मिनिटात मूळ जागा सापडते.

नववा माल. हे दुखणं मला सगळ्यात जास्त वेळ छळून गेलं म्हणून जरा सविस्तर सांगतो. साखर पेठेकडचा एक चादरवाला. ओळींची मोजणी जुळली, रुपये जुळले, खोडलेली बिलं निघाली, सगळं बरोबर. तरी मालक म्हणतोय की मोठ्या गिऱ्हाईकांची बिलं लहान दिसतात, आणि यादीत नव्वद हजाराच्या पुढचे बिल नंबर कुठून आले, आमचं वर्षाला दोन-तीन हजार बिलाच्या पुढं जात नाही. मी म्हटलं टायपिंगची चूक असेल. दीडशे चुका?

शेवटी त्यांचे जुने दिवाणजी काका घरून बोलावले, रिटायर झालेले. त्यांनी स्क्रीनकडं बघितलं पण नाही, काउंटरवरच्या काचेखाली बोट दाखवलं. तिथं पिवळा पडलेला पुठ्ठा, त्यावर निळ्या पेननं: 'आठ भरले की नवीन पान, नंबराआधी ९०'. म्हणजे ४५२ नंबरच्या बिलात आठ खण भरले की उरलेला माल ९०४५२ नंबरनं नवीन बिल म्हणून टाकायचा. फील्ड आकड्याचं, त्यामुळं ४५२अ लिहिता येत नव्हतं, मग काकांनी ही युक्ती काढली. मी विचारलं काका हे कुणाला सांगितलं का नाही, तर म्हणाले, "कुणी विचारलं का बे मला?"

तर तपासायचं असं: आठही खण भरलेली बिलं काढा, आणि त्याच पार्टीचं त्याच तारखेचं दुसरं बिल आहे का बघा. असेल तर ते बहुतेक पुढचं पान आहे. दोन्ही जोडून एकच बिल करायचं आणि दुसऱ्या पानाचे खण ९ पासून पुढं मोजायचे. पण हे आपोआप करू नका, त्याच दिवशी त्याच माणसानं खरंच दोनदा माल नेलेला असू शकतो. यादी काढायची आणि ज्यानं बिलं लिहिली त्याला बसवून टिक मारून घ्यायची. त्याला चहा पाजा, वेळ लागतो.

हमाली तिप्पट हा प्रकार डेटाचा नाही, रिपोर्टचा आहे. बिलाच्या टेबलात हमाली १२० रुपये, बिलात ओळी पाच. दोन्ही टेबलं जोडली की ते १२० पाच वेळा येतात आणि बेरीज ६०० होते. ओळींची बेरीज आधी बिलागणिक वेगळी करून घ्या आणि मग बिलाला जोडा. काही जण यावर उपाय म्हणून हमाली ओळींमध्ये वाटून टाकतात, ते नका करू, पैशांची तुटफूट होते आणि जी गोष्ट अख्ख्या बिलाची आहे ती बिलाच्याच टेबलात राहू द्यावी.

कराचंही तसंच बघावं लागतं. १ जुलै २०१७ ला जीएसटी आला, त्याआधी व्हॅट असलाच तर बिलाच्या खाली एकदाच लागायचा. जीएसटी आल्यावर कुणीतरी चालू प्रोग्रामलाच कर१ ते कर८ असे कॉलम ठोकून दिलेत, त्यामुळं आधीच्या बिलांत ते रिकामे आणि नंतरच्या बिलांत खालचा एकच कर रिकामा. रिकाम्याला शून्य टक्के समजू नका. शून्य कर आणि कर इथं लिहिलाच नाही, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत, तिथं नलच पाहिजे. आणि रक्कम नगाला दरानं गुणून नवीन काढू नका, जुन्या बिलावर जी छापली तीच आणा. राऊंडिंग जुना प्रोग्राम कुठं करायचा देव जाणे. रकमेचे कॉलम डेसिमल (नेमका दशांश आकडा) ठेवा, फ्लोट (अंदाजे साठवणारा) ठेवलेत तर पैशापैशाचे फरक शोधत बसाल.

मालाच्या नावांचा गोंधळ. इथून पुढं काम महाग होतं, पैशानं नाही तर वेळेनं. खणात मालाचा कोड नसतो, टाईप केलेलं नाव असतं. टॉवेल ३०×६०, टावेल ३०-६०, टर्किश टॉ. ३०६०, टीटी ३०×६० हे सगळं एकच. पार्ट्यांच्या नावांचं तर विचारू नका, मालक तेलुगू, दिवाणजी मराठी, ऑपरेटर कानडी, आणि टाईप इंग्रजी कीबोर्डवर, ज्याला जसं ऐकू आलं तसं त्यानं लिहिलं.

नावं मूळ टेबलात दुरुस्त करत बसू नका. तिसरं एक टेबल करा, त्यात डावीकडं जुनं नाव जसंच्या तसं, उजवीकडं नवीन माल आयडी, बस. चुकलं तर एक ओळ बदलली की सगळं सुधारतं. सारखी दिसणारी नावं मशीननं एकत्र गोळा करायला हरकत नाही पण शेवटचा हो मालकाचाच पाहिजे, कारण '३०×६०' आणि '३०×६० डी' यात आपल्याला फरक दिसत नाही, त्याला किलोमागं दिसतो. आणि दर हा बिलाच्या ओळीतच राहिला पाहिजे. मालाच्या टेबलात आजचा दर असतो, तो जुन्या बिलांना लावला की २००९ चं बिल आजच्या भावात छापून येतं, हेही बघितलंय.

खणाच्या आत खण. काही ठिकाणी माल३ मध्ये 'जेकार्ड ६०×९० लाल ४, निळी ६' असं सगळं एकाच फील्डात कोंबलेलं असतं. रंगागणिक तिसरं टेबल करता येतं, पण आधी मालकाला विचारा की पाच वर्षांपूर्वी कुठला रंग किती गेला हे कुणाला बघायचंय का. नसेल तर तो मजकूर वर्णन म्हणून तसाच ठेवून द्या. मी दोनदा हौसेनं फोडलं, दोन्ही वेळा तो रिपोर्ट कुणी उघडला नाही.

उलटी तपासणी. हे सगळं झालं की नवीन टेबलांतून परत ती जुनी आठ खणांची आडवी ओळ तयार करा आणि मूळ ओळीशी ताडून बघा. जोडलेली पानं जुनी फाईल, रेकॉर्ड नंबर आणि खण या आधी ठेवलेल्या तीन कॉलमांवरून परत सुटी करता येतात. मायएसक्यूएलमध्ये अनेक ओळी जोडून एक करणारं ग्रुप कॉन्कॅट वापरत असाल तर त्याची मर्यादा नेहमीच्या सेटिंगला १०२४ बाइट असते, त्यापुढचं कापलं जातं आणि तुम्ही नसलेला फरक शोधत बसता. आधी ती मर्यादा वाढवा.

मराठी नावांचं मी मुद्दाम शेवटी ठेवलंय. जुन्या काळी इस्की (भारतीय लिप्यांचा युनिकोडआधीचा कोड) किंवा त्या त्या फॉन्ट कंपनीच्या स्वतःच्या कोडमध्ये मराठी साठवलेलं असायचं, युनिकोडमध्ये नव्हे. कुठला फॉन्ट होता ते कळलं तर त्याचा कन्व्हर्टर मिळतो, पण जोडाक्षरं आणि रफार हातानं तपासावेच लागतात. नवीन टेबल यूटीएफ८एमबी४ (मायएसक्यूएलमधला पूर्ण युनिकोड) ठेवा. कन्व्हर्ट करायच्या आधीचे मूळ बाइटही एका कॉलमात ठेवून द्या.

आता थांबायचं कुठं, हे सरळ सांगतो.

डीबीएफच्या सुरुवातीलाच तीन आकडे असतात: रेकॉर्ड किती, हेडर किती बाइटचा आणि एक रेकॉर्ड किती बाइटचं. हेडर अधिक रेकॉर्डची संख्या गुणिले रेकॉर्डची लांबी, एवढी फाईलची साईझ यायला पाहिजे, फार तर शेवटी एक बाइट जास्त. फाईल त्याहून लहान निघाली तर ती तुटलेली आहे. तिथं हात काढा. नेटवरची फुकट रिपेअर टूलं मूळ फाईलवर चालवू नका, आणि हार्डडिस्क टकटक आवाज करत असेल तर मशीन बंद करून डेटा रिकव्हरीवाल्याकडं न्या, परत चालू करून "एकदा बघू" सुद्धा नको.

फरक भरलेल्या जीएसटी रिटर्नच्या महिन्यांत निघाला तर तो आपला विषय नाही, यादी छापा आणि सीएला द्या. स्वतः आकडा 'जुळवून' ठेवू नका, कितीही लहान असला तरी.

जुना आणि नवीन प्रोग्राम दोन्ही एकाच वेळी चालू ठेवायचे असतील, म्हणजे इकडं बिल मारलं की तिकडं गेलं पाहिजे, तर हे वेगळंच काम आहे, त्याला रोज यात काम करणारा डेटाबेसवाला लावा. आणि खणांची मोजणी, युनियन, खोडलेली रेकॉर्ड, चावी आणि नववा माल एवढं बघून दोन दिवसांत ओळींचा आकडा जुळला नाही तरी बोलवा, कारण मग प्रोग्राममध्येच काहीतरी गुपित आहे आणि त्याचा सोर्स कोड वाचणारा माणूस पाहिजे. व्हिज्युअल फॉक्सप्रोचा मायक्रोसॉफ्टचा सपोर्ट जानेवारी २०१५ मध्येच संपला, पण ते वाचणारे लोक अजून आहेत, शोधावे लागतात.

त्याला बोलावताना हातात एवढं ठेवा: न हात लावलेली कॉपी, खणांच्या मोजणीचा कागद, वेगवेगळ्या वर्षांची चार-पाच छापील बिलं त्यात एक तरी आठही ओळी भरलेलं, आणि जुन्या दिवाणजींचा फोन नंबर.